शेजारी ओळखीचा आहे का? : ओएसपीएफचं ऑथेंटिकेशन

महामार्गावरच्या चिल्हार फाट्याला बोईसरचा रस्ता विचारला, तर जो कोणी हात दाखवेल तिकडे आपण गाडी वळवतो. त्याचं ओळखपत्र मागत नाही. नेटवर्कमधले लेअर थ्री स्विचही बऱ्याच ठिकाणी असंच वागतात, आणि तिथे ते महागात पडू शकतं.

ओएसपीएफ म्हणजे काय? प्रत्येक राउटरने किंवा स्विचने आपल्या जोडण्या इतरांना कळवायच्या, सगळ्यांनी मिळून एकच नकाशा करायचा, आणि प्रत्येकाने त्यावरून डाइक्स्ट्राच्या पद्धतीने स्वस्तातली वाट काढायची. सगळा कारभार सांगण्या-ऐकण्यावर.

आता समजा, तारापूर एमआयडीसीत एक कारखाना आहे. एक स्विच ऑफिसात, एक प्लांटमध्ये, एक सांडपाण्याच्या मापकांजवळ. कोणीतरी मोकळ्या पोर्टला एक जुना स्विच लावला, आतलं कॉन्फिगरेशन न पुसता. साधारण दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ जातो. सबनेट, एरिया आणि वेळा जुळल्या की शेजार जमला! मग हा पाहुणा सांगू लागतो, बाहेरची वाट माझ्याकडून आहे. मापकांचे आकडे त्याच्याकडे वळतात आणि तिथेच विरतात. यात हल्लेखोर असायलाच हवा असं नाही, बरं का.

१९९८च्या ओएसपीएफच्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी २३२८मध्ये, तीन पर्याय आहेत. पहिला, काहीच नाही. दुसरा, आठ अक्षरांपर्यंतचा उघडा पासवर्ड. तारेवर कान लावणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो, म्हणून आम्ही त्याला कुलूप म्हणत नाही. तिसरा खरा. त्यात किल्ली पाठवतच नाहीत. संदेश आणि किल्ली एकत्र करून एक छाप काढतात आणि ती संदेशाच्या शेवटी जोडतात. पलीकडचा आपल्या किल्लीने तीच छाप काढून ताडून पाहतो. सोबत क्रमांक असतो, तो मागे गेलेला चालत नाही. त्यामुळे जुना संदेश पुन्हा वाजवणं अवघड होतं. सुरुवातीला छापेसाठी एमडी५ होतं, २००९मध्ये एसएचए कुटुंबाची भर पडली. स्विचला जमत असेल तर एसएचए-२५६च घ्यावं. मात्र मजकूर उघडाच राहतो, तो झाकला जात नाही.

करायचं कसं? सिस्कोच्या धाटणीच्या स्विचवर की-चेन बनवायची, तिच्यात किल्लीचा क्रमांक, किल्ली आणि पद्धत द्यायची, आणि ती साखळी इंटरफेसला लावायची. दोन्ही टोकांना क्रमांकसुद्धा तोच हवा. पालघरला बसून बोईसरचा स्विच बदलत असाल तर आधी लांबचा, मग जवळचा. एकच टोक बदललं की ‘हॅलो’ नाकारले जातात आणि साधारण ४० सेकंदांत शेजार तुटतो; जवळचा आधी बदललात तर लांबच्यापर्यंत पोचायची वाटच गेली. पुढे किल्ली बदलताना नवी आणि जुनी काही काळ दोन्ही चालतील अशा मुदती द्याव्यात, आणि स्विचची घड्याळं एनटीपीने जुळवून ठेवावीत. माणसांचे संगणक ज्या इंटरफेसवर आहेत तो पॅसिव्ह करावा. तिथे शेजार जमवायचं कारणच नाही.

आता आमच्या प्रांतातली गोष्ट. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. किल्ली यातलं काय सिद्ध करते? काहीच नाही. बोलणाऱ्याकडे आपली किल्ली आहे आणि वाटेत शब्द बदललेले नाहीत, एवढंच. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचे काही पत्ते आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं, ते जगभर पसरलं आणि यूट्यूब अनेक ठिकाणी बंद पडलं. तिथला प्रोटोकॉल बीजीपी होता, पण मुद्दा तोच. सांगणारा ओळखीचा होता, सांगणं चुकीचं होतं. किल्लीने ते अडलं नसतं; कोणी काय सांगायचं याची चाळणी हवी होती.

ओएसपीएफमध्ये एकाच एरियात अशी चाळणी बसत नाही, कारण सगळ्यांचा नकाशा एकच असावा लागतो. म्हणून कंत्राटदाराच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कशी ओएसपीएफचा शेजार करूच नये, किल्ली कितीही पक्की असो, असं आमचं मत आहे. तिथे स्टॅटिक रूट हाताने लिहावेत. चार ओळी जास्त टाइप कराव्या लागतील.