फांदी लावली की जगते

शिंदळ माकुडीबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं, आणि तिची दोन वाक्यं मला एकमेकांशी जुळवता येईनात. एक, ही सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर उगवते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दोन, फांदी मोडून कुंडीत खोचली की जगते. आता जास्वंद अशी जगते, शेवगाही जगतो. त्यांना कुणी दुर्मिळ म्हणत नाही. मग हिलाच काय झालं? हे बघायला मी पुणे-सातारा रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका रोपवाटिकेत गेले. पुढे जात राहिले ते मात्र तिथल्या माळीमामांसाठी.

मामा कुंड्यांच्या रांगेतून चालतात ते मातीत बोट घालत. दुसऱ्या पेरापर्यंत बोट आत, मग ते नाकाशी. नव्वद टक्के कुंड्यांशी थांबत नाहीत. एखादीशी थांबतात, पुन्हा हुंगतात आणि काही न बोलता कुंडी उचलून शेडच्या मागे नेतात. मी एकदा त्यांच्यामागोमाग गेले आणि नाक पुढे केलं. कुजक्या काकडीसारखा, गोडूस, नकोसा वास. वरून फांदी हिरवीगार दिसत होती. मामांनी चिमटीत धरली तशी बुडाशी ती पचकन दबली.

"पानी जास्ती झालं," ते म्हणाले. "नव्या पोरानं दिलं. ह्याला पानी द्याचं न्हाई, येवढंच शिकाया माजी दोन वर्सं गेली बघा ताई."

तो वास घरी आल्यावरही बोटांना होता. ह्या कामात चूक कळते ती अशी उशिरा, आणि नाकानं.

बाकी लागवड पाच मिनिटांत सांगून होते. बोटभर लांबीची फांदी कापायची, काप सावलीत काही दिवस सुकू द्यायचा, मग मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा आणि नावापुरतं पालापाचोळ्याचं खत अशा मिश्रणात खोचायची. मातीची कुंडी, वर शेडनेट. पिठ्या ढेकूण आला तर कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. झालं.

भेट द्यायला येणारे तिला सर्रास कॅक्टस म्हणतात, आणि मे महिन्यात बघितली तर त्यांचं चूक नाही. करंगळीएवढ्या जाडीच्या, मळकट राखी-हिरव्या, गुळगुळीत फांद्या कुंडीबाहेर लोंबत असतात. पान नाही, काही नाही. पण कॅक्टस हे कुळ मूळचं अमेरिकेतलं. सह्याद्रीत मूळचा कॅक्टस एकही नाही. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा समुद्रापलीकडून आलेला, आणि डोंगरांवर दिसणारा, चीक निघणारा काटेरी निवडुंग मुळात कॅक्टसच नव्हे. शिंदळ माकुडी रुईच्या कुळातली. गंमत म्हणजे रुईसारखा पांढरा चीक तिला नाही, आणि तिच्या जवळच्या मांसल भावंडांना नावापुरतीच पानं असताना हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पानं फुटतात. जूनच्या सरींनंतर त्याच वाळक्या काटक्यांवर हिरवी पानं बघितली की कुणी रात्रीत कुंड्या बदलल्या असं वाटतं. पावसाळा सरता सरता फुलं येतात: रुपयाएवढी, पाच टोकांची चांदणी, गर्द किरमिजी, त्यावर पिवळे डाग, कडांना बारीक केस. मी नाक लावून बघितलं, मला फारसा वास आला नाही. माश्यांना येत असावा, कारण त्या येतात.

शास्त्रात तिची नोंद 1865 ची. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले निकोल डाल्झेल यांनी तिचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. वरिष्ठांची नावं देण्याची रीत तेव्हाही होतीच. पण फ्रियर त्याआधी साताऱ्याच्या दरबारात रेसिडेंट होते, 1848 मध्ये छत्रपती वारल्यावर संस्थान खालसा करू नये असं त्यांचं मत होतं, त्यामुळे ह्या मुलुखातल्या झाडाला त्यांचं नाव अगदीच परकं म्हणता येत नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर ही तिची पुस्तकांत नोंदलेली ठिकाणं.

रोपवाटिकेत मात्र फ्रियरचं नाव कुणी काढत नाही. तिथे एकच आकडा चालतो: बारा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींत हिला धरलं होतं, असं तिच्याविषयीच्या लेखांत हटकून असतं. मामा पाहुण्यांना सांगतात, "जगातल्या बारांतलं हे येक." पाहुणे ऐकतात, जगात बाराच रोपं उरली आहेत. एक गृहस्थ समोरच्या कुंड्या मोजायला लागले, बाराच्या पुढे गेले तसा त्यांचा चेहरा पडला. आपल्याला फसवलं असं त्यांना वाटलं असणार. नंतरच्या वर्षांत शोधणाऱ्यांना ती आणखी काही कड्यांवर सापडली, प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानंही वाढवता आली. बारा मात्र बाराच राहिले. मला हा आकडा आता खटकतो. तो ऐकून माणसं कुंडीकडे बघतात, कड्याकडे बघत नाहीत.

कारण अडचण कुंडीत नाहीच. हे मला कळलं ते फुलांच्या दिवसांत, मामा भिंग लावून बसले होते तेव्हा.

ह्या कुळात पराग भुकटीसारखे सुटे नसतात. पिवळ्या मेणचट गोळ्यांची जोडी असते, मध्ये चिमट्यासारखा दुवा. माशीची सोंड किंवा पायाचा केस फुलातल्या एका बारीक फटीत अडकला पाहिजे, ओढून काढताना जोडी त्याला चिकटून बाहेर आली पाहिजे, आणि मग तीच माशी दुसऱ्या रोपाच्या फुलावर बसून त्यातला एक गोळा तसल्याच फटीत, नेमक्या बाजूनं सरकवून गेली पाहिजे. आता अशी माशी मामा होतात. डोळ्याला भिंग, हातात ब्रशचा एकच केस, श्वास रोखलेला. एका फुलातून जोडी काढली. रांगेच्या दुसऱ्या टोकाच्या कुंडीपर्यंत केस उभा धरून, वाऱ्याला पाठ देऊन चालत गेले. बसले. सरकवली. पडली. पुन्हा पहिल्या फुलाकडे. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. सकाळभरात जी काही फुलं झाली, त्यांतल्या किती शेंगा धरतील असं विचारलं तर हसले. "धरंल येखादी."

धरली तर शिंगांसारखी शेंगांची जोडी येते. तिच्यावर मलमलीची पिशवी बांधायची, नाहीतर शेंग तडकून रुईच्या म्हाताऱ्यांसारखं बी उडून जातं.

"येवढा खटाटोप कशाला? फांदीनं होतंय की," मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

त्यांनी समोरची अख्खी रांग दाखवली. "हे समदं येकाच फांदीचं हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका फांदीपासून केलेल्या शंभर कुंड्या म्हणजे शंभर ठिकाणी ठेवलेलं एकच रोप. एक रोग त्याला लागला तर शंभरांना लागेल. कड्यावर पुढची पिढी हवी तर बी हवं, त्यासाठी दोन वेगळी रोपं जवळ हवीत, माशी हवी, आणि उडालेल्या बियांतलं एखादं कातळाच्या अशा भेगेत पडायला हवं जिथे चिमूटभर माती आहे, शेळीचं तोंड पोचत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमधला वणवाही पोचत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांच्या जाती जपल्या, त्याही ह्याच कुळातल्या आणि बहुतेक अशाच अडचणीच्या. असलं काम बघून टाळ्या वाजवाव्यात असं त्यात काही घडत नाही.

सगळी रोपं एकाच फांदीची होऊन चालत नाही, म्हणूनच मामांचा जीव कुंडीपेक्षा पाटीवर जास्त. प्रत्येक कुंडीत ॲल्युमिनियमची पट्टी खोचलेली, तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं: कुठला कडा, कुठलं साल. शाई पावसात जाते, कोरलेलं राहतं. ज्या कुंडीची पट्टी हरवली तिची रवानगी मागच्या बाकावर. त्या बाकाला ते 'बेवारशी' म्हणतात. तिथली रोपं अगदी तजेलदार आहेत, भरपूर फुलतात. पण ती पुन्हा डोंगरावर जात नाहीत, कारण ती कुठल्या डोंगराची हेच कुणाला माहीत नाही. एका हौशी संग्राहकानं आणून दिलेली सुरेख, लांब फांद्यांची कुंडी मामांनी माझ्यादेखत त्या बाकावर ठेवली. संग्राहकाला वाईट वाटलं. मला मामांचं पटलं.

एका ऑक्टोबरात त्यांनी मला कडा दाखवला. कुठला ते लिहीत नाही. पलीकडच्या धारेवरून दुर्बिणीतून बघितलं तर काळ्या कातळाच्या ओठावरून चार-पाच हिरव्या दोऱ्या खाली लोंबत होत्या. किरमिजी ठिपके मला दिसले की दिसल्यासारखे वाटले, सांगता येणार नाही. मामांनी दुर्बीण घेतलीच नाही. लहानपणी ते अशाच डोंगराखाली गुरं राखायचे. "माकडशिंग खायाचो आमी. भूक लागली की मोडायचं न् खायाचं. ही बी खाल्ली आसंल." माकडशिंग म्हणजे हिचंच एक मांसल भावंड. आणि ही, जगातल्या बारांतलं एक.

गुराख्याच्या पोरांनी मोडलेल्या चार फांद्यांनी ती संपली असं मला वाटत नाही. आज दोर लावून कड्यावर उतरणारे आणि मुळासकट उपटून कुंडीसाठी नेणारे जास्त नुकसान करतात, आणि त्यांतले बरेचसे स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात.

म्हणून एवढंच. पावसाळ्यानंतर गडावर ही किरमिजी चांदणी दिसली तर फोटो जरूर काढा, पण सोबत ठिकाण टाकू नका. रोप विकत घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला विचारा, हे कुठल्या कड्यावरचं, फांदीपासून केलंय की उपटून आणलंय. उत्तर आलं नाही तर घेऊ नका. आणि घरची कुंडी गडावर नेऊन लावू नका; तिथे कुठलं रोप लावायचं हे ज्यांच्याकडे पट्ट्या आहेत त्यांना ठरवू द्या.