शिकारीचे मांस आणि स्नायूंतील कृमी

भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या शेतकऱ्यास रानडुकरांचा उपद्रव नवा नाही. अशा रानडुकराचे मांस कोणी निखाऱ्यावर भाजून खाल्ले, तर वरून करपलेला तुकडा आतून लालच राहतो. आणि धोका असतो तो त्या लाल भागातच.

१८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेम्स पॅजेट या विद्यार्थ्यास शवविच्छेदनाच्या वेळी स्नायूंत वाळूसारखे कण आढळले. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणात वेटोळे घातलेली एक अळी दिसली. आज तिला ट्रायकिनेला म्हणतात. डुक्कर, अस्वल, उंदीर यांच्या स्नायूंत ती वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि जनावर मात्र धडधाकट दिसते.

असे मांस पोटात गेले म्हणजे जठररसाने अळीचे वेष्टन विरघळते. लहान आतड्यात ती काही दिवसांतच प्रौढ होते व मादी शेकडो पिल्ले प्रसवते. ही पिल्ले रक्तावाटे सर्वांगाच्या स्नायूंत शिरतात. प्रथम पोटदुखी व जुलाब होतात. पुढे ताप येतो, पापण्या सुजतात, अंग ठेचल्यासारखे दुखते. हृदयास बाधा झाल्यास मृत्यूही ओढवतो. भारतात हा रोग विरळा आहे; तथापि उत्तराखंडातील टिहरी गढवाल जिल्ह्यात गावजेवणातील कच्च्या डुकराच्या मांसामुळे तो अनेकांस एकदम झाल्याची नोंद आहे.

शाळेत जंतनाशक दिनी दिली जाणारी आल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मातीतून येणाऱ्या जंतांसाठी असते. ट्रायकिनेलावर हेच औषध वैद्यकीय देखरेखीखाली अनेक दिवस द्यावे लागते, आणि अळ्या स्नायूंत शिरल्यावर त्याचा गुण कमीच येतो. ‘मुलाने गोळी घेतली आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांस शिक्षकांनी हा भेद समजावून द्यावा.

खरी अडचण मौनाची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये विनापरवाना शिकार हा गुन्हा असल्याने रोगी काय खाल्ले ते डॉक्टरांपासून लपवितो. मग साधा ताप समजून उपचार होतात आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

मीठ लावून वाळविल्याने वा धुरी दिल्याने अळी मरेलच असे नाही. मांसाच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. लहान तुकडे करून रस्सा चांगला उकळू दिल्यास हे साधते. उकिरड्यावर टाकलेले कच्चे अवशेष उंदीर व कुत्री खातात आणि अळीस नवा आश्रय मिळतो. म्हणून ते खोल पुरावेत.