‘मेल्यावरही अठरा टक्के’ ही थाप आता पुरे

‘आता मेल्यावरही अठरा टक्के जीएसटी!’ हा मेसेज पहिल्यांदा जुलै २०२२ मध्ये फिरला. तेव्हापासून वर्षश्राद्धासारखा तो दरवर्षी न चुकता येतो. ठाण्यात वर्तकनगरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर येतो, पोखरण रोडवरच्या टपरीवर चहाबरोबर येतो, आणि जवाहरबाग स्मशानात सरण रचलं जात असताना बाकड्यावर बसलेल्या मंडळींच्या तोंडीही येतो. सांगणाऱ्याचा स्वर असा असतो, की त्याने पावती डोळ्यांनी पाहिली आहे.

अंत्यसंस्काराच्या सेवेवर जीएसटी नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हाही नव्हता आणि त्याआधी सेवाकरही नव्हता. २०१२ मध्ये सेवाकराची जी नकारात्मक यादी, म्हणजे कर न लागणाऱ्या सेवांची यादी झाली, तिच्यातही ही सेवा होती.

आता जरा सावकाश. केंद्रीय जीएसटी कायद्याला तिसरी अनुसूची आहे. कायद्याच्या नजरेत ज्यांना ‘पुरवठा’ म्हणायचंच नाही, अशा गोष्टी तिच्यात दिल्या आहेत. नोकराने मालकाला दिलेली सेवा तिथे आहे, न्यायालयाचं काम आहे, आमदार-खासदारांचं काम आहे. आणि तिथेच अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार यांच्या सेवाही आहेत, ‘मृतदेहाच्या वाहतुकीसह’. हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एखाद्या वस्तूला करातून सूट देणं वेगळं आणि तिला कराच्या कक्षेबाहेरच ठेवणं वेगळं. सूट एका अधिसूचनेने काढून घेता येते. इथे मात्र कायदाच बदलावा लागेल. जीएसटी परिषदेने एका बैठकीत दर वाढवला आणि अंत्यसंस्कार महागले, असं होऊच शकत नाही.

मग अठरा टक्के आले कुठून? जून २०२२ च्या अखेरीस चंदीगडला परिषदेची बैठक झाली. रस्ते, पूल, मेट्रो, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्मशानभूमी यांच्या बांधकामाच्या कंत्राटांवरचा कर १२ वरून १८ टक्के झाला आणि १८ जुलैपासून लागू झाला. म्हणजे महापालिकेने नवी स्मशानभूमी बांधायला काढली, तर ठेकेदाराच्या बिलावर हा कर. कुणीतरी त्या यादीतला ‘स्मशानभूमी’ हा एकच शब्द उचलला आणि पुढे ढकलला. पत्र सूचना कार्यालयाने त्याच महिन्यात खुलासा केला. २ ऑगस्टला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत तेच सांगितलं. बांधकामावरचा कर वाढवायला हवा होता का, यावर जरूर भांडा. तो वाद खरा आहे. पण तो वेगळा वाद आहे.

राहिलं सामान. जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, मडक्यावर नाही. कापड, तूप, उदबत्ती यांवर एरवी दुकानात असतो तेवढा असतो. तिरडीसाठी घेतलं म्हणून मीटरभर पांढऱ्या कापडावर वेगळा कर लागत नाही.

मेसेज खोटा असेना का, बिघडतं काय, असं वाटेल. बिघडतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका घरचं बिल मी पाहिलं. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने गाडी मिळवून दिली होती. कार्बन घातलेल्या चिठोऱ्यावर गाडी, बर्फ, दोन माणसं, सामान असा हिशेब आणि सगळ्यात खाली ‘टॅक्स’. वर ना कंपनीचा पत्ता, ना जीएसटी क्रमांक. फोन केला तर उत्तर आलं, ‘सगळेच घेतात, साहेब.’ घरातला मुलगा म्हणाला, ‘जाऊ द्या ना काका, अशा वेळी कुठे हुज्जत घालायची!’ हा धंदा नेमका याच वाक्यावर चालतो. ग्रुपवर तो मेसेज दहा वेळा वाचलेला माणूस ‘टॅक्स’ ही ओळ पाहून दचकत नाही, उलट मान डोलावतो. ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याला कर गोळाच करता येत नाही, तसं कलम ३२ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. आणि नोंदणी असली तरी शववाहिनीच्या भाड्यावर कर नाही. आठवा ते दोन शब्द.

दुसरा समज याच्या बरोबर उलट आहे: ‘हे सगळे दर सरकारने ठरवलेले असतात.’ अर्धं खरं. मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवणं आणि तिचं नियमन करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. तिथलं शुल्क आणि मोफत काय हे प्रत्येक पालिका आपापलं ठरवते. मुंबई महापालिका पारंपरिक दहनासाठी ३०० किलो लाकूड मोफत देते, म्हणून ते ठाण्यात किंवा डोंबिवलीत मिळेलच असं नाही. कार्यालयातला फलक वाचायचा आणि पावती मागायची. पण स्मशानाच्या फाटकाबाहेर खासगी शववाहिनी, शवपेटी, ‘अ ते ज्ञ’ पॅकेज विकणारे, यांच्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, परवाना नाही, दरपत्रक लावण्याची खास सक्तीही नाही. अमेरिकेत १९८४ पासून अंत्यविधी करणाऱ्याने बाबवार दर लेखी द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ठरावीक नमुन्यातलं दरपत्रक लावावं लागतं. ठाण्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या शवागाराबाहेर पालिकेच्या शववाहिनीचा नंबर आणि भाडं एवढे दोन आकडे रंगवायला काय खर्च येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तरी हात अगदीच बांधलेले नाहीत. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. मोफत सेवेला मात्र हा कायदा लागत नाही, हेही माहीत असू द्या.

आगाऊ पैसे भरून ठेवण्याचाही प्रकार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यातला मुंबईच्या ‘सुखान्त’ कंपनीचा स्टॉल देशभर गाजला होता. सदस्यत्व ३७,५०० रुपये असल्याच्या बातम्या होत्या. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची ती खरी गरज आहे. पण अशा आगाऊ योजनांवर आपल्याकडे खास नियामक नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मध्ये ‘सेफ हँड्स’ ही अशीच योजना बुडाली, सुमारे ४६,००० ग्राहक अडकले, आणि जुलैपासून तिथे वित्तीय नियामकाची देखरेख आली. कुठल्याही कंपनीकडे पैसे भरण्याआधी ते कुठल्या खात्यात राहणार, कंपनी बंद पडली तर काय, आणि गाव बदललं तर परत मिळणार का, हे लेखी घ्या.

उरलेले गैरसमज भराभर.

‘बिल भरल्याशिवाय रुग्णालय बॉडी देत नाही.’ अडवता येत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ पासून तसं स्पष्ट आहे. थकबाकी वसूल करायचे मार्ग वेगळे.

‘घरी गेले तर पोलिसांचा दाखला हवाच.’ आजारपणात नैसर्गिक मृत्यू असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं. पोलीस लागतात ते अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तेव्हा.

‘डॉक्टर त्या प्रमाणपत्राचे पैसे घेतात, चालतंच.’ अखेरच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरांनी ते विनाशुल्क द्यायचं, असं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. घरी येण्याची फी निराळी. ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलंच नाही त्यांच्यावर मात्र हे बंधन नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा एक कायमचा डॉक्टर असावा.

‘मृतदेह टिकवायला एम्बाल्मिंग करावंच लागतं.’ विमानाने न्यायचं असेल तर. त्याच दिवशी जवाहरबागेत न्यायचं असेल तर कशाला?

‘विद्युतदाहिनीत अस्थी मिळत नाहीत.’ मिळतात, दाहिनी थंड झाल्यावर.

‘मृत्यूचा दाखला म्हणजे एजंटचं काम.’ २१ दिवसांच्या आत नोंद केली तर विलंब शुल्क नाही, आणि नोंद करणाऱ्याला दाखला फुकट मिळतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो नोंदणीपासून सात दिवसांत द्यायचा आहे.