मचाणावरून मेळघाट

दुपारचे तीन. सेमाडोहच्या नाक्यावर झाडाखाली टेबल, टेबलावर रजिस्टर, समोर रांग. अमरावती, अकोला, परतवाड्याहून आलेली हौशी मंडळी. उद्या बुद्धपौर्णिमेची रात्र सरली की पाणवठ्यांवरच्या नोंदी इथेच जमा होतील. लाल शर्टवाल्याला कपडे बदलायला पाठवलं जातं. कुणाच्या तरी अत्तराचा वास येतो आणि वनरक्षक कपाळाला आठ्या घालतो. ‘‘अस्वलाले दिसते कमी, पन नाक लय तेज हाये भाऊ.’’

गाडी कच्च्या वाटेला लागते. सागाला पान नाही. सिपनेचं पात्र दगडगोट्यांचं, मध्येच एखादा हिरवट डोह. वारा येतो तोही तापलेला. देशात व्याघ्रप्रकल्पासाठी पहिली नऊ जंगलं निवडली गेली, त्यांत मेळघाट होता. त्याच्या गाभ्यातलं गुगामळ राष्ट्रीय उद्यान ३६१ चौरस किलोमीटरचं. आपल्या वाट्याला त्यातला एक पाणवठा आणि बांबूचं मचाण.

वाटेत वारूळ फोडलेलं दिसतं. माती ओली, नखांचे ओरखडे ताजे. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. सोबतचा कोरकू वनमजूर खाली वाकतो, माती चिमटीत धरतो, उठतो. ‘‘वाघ बाजूले होते जी. हे नाही होत.’’ मोहफुलं वेचायच्या दिवसांत भल्या पहाटे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात, हे इथल्या प्रत्येक पाड्याला ठाऊक आहे.

मचाणावर चढतो. शिडी ओढून घेतली जाते. आता बोलायचं नाही.

ऊन कलायला तयार नाही. पाण्याची बाटली कोमट झाली आहे. मुंग्या बाहीत शिरतात. पाय आखडतो, हलवला की बांबू करकरतो आणि वनमजूर नुसता पाहतो. मोर येतात. माकडं येतात, पाणी पिऊन भांडतात. मग बराच वेळ काहीच येत नाही. खरं मचाण हे असं असतं.

चंद्र वर येतो. सांबराची मादी काठाशी थबकते, कान फिरवते, पाणी न पिताच परतते. रातवा एकसुरी ठोकत राहतो. मध्यरात्र उलटते. खालचा पाचोळा वाजू लागतो. दबकत नव्हे, बेफिकीर, धपाधप. काळा ढीग चांदण्यात येतो. छातीवर पांढुरकी खूण. पाण्यात तोंड घालून अस्वल इतकं आवाज करत पितं की मचाणावरचे श्वास रोखून धरण्यात काही अर्थच उरत नाही. मध्येच मान वर करून हवा हुंगतं. पुन्हा पितं. जातं.

नोंद : १ वाजून १० मिनिटं, अस्वल, एक. नर की मादी? ‘ओळख पटली नाही’ असं लिहिणंच बरं.

सकाळी नाक्यावर कागद गोळा होतात. एकाने ‘लांडगे, पाच’ लिहिलं आहे. वनरक्षक दोनच प्रश्न विचारतो : रंग कोणता, शेपूट कशी? तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपूट. तो शांतपणे खोडून ‘रानकुत्री’ लिहितो. लांडगा मोकळ्या रानाचा, शेळ्या-मेंढ्यांच्या वाटेवरचा प्राणी. ज्यांना तोच पाहायचा आहे त्यांनी मचाणाचा नाद सोडावा, घाट उतरावा आणि सपाटीवरच्या माळरानात धनगरांना विचारावं.