वाचनालयातील खुर्ची कुणाची?

सार्वजनिक वाचनालयात कसे वागावे, हा विषय आमच्या काही कार्यकर्त्या मित्रांना किरकोळ वाटतो. अत्याचार, आरक्षण, खाजगीकरण असे प्रश्न आ वासून उभे असताना खुर्ची-टेबलावर काय लिहायचे, असे ते विचारतात. आम्हाला तो किरकोळ वाटत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. त्या यादीत वाचनालय नव्हते. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयांनाही स्थान दिले. नंतर संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागांवर कुणालाही जातीमुळे अडवता येणार नाही, असे बजावले. अशा जागेतली खुर्ची हक्काची आहे, हे खरेच. पण हक्काची म्हणजे मालकीची नव्हे!

आज आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत काय दिसते? सकाळी सहाला एक जण येतो, चार टेबलांवर चार वह्या टाकतो आणि चहाला निघून जातो. त्याचे मित्र दहाला उगवतात. तोवर एका खोलीत सहा माणसांबरोबर राहणारी, घरी टीव्ही आणि पाहुण्यांमुळे एक पानही वाचू न शकणारी मुलगी दारातून परत गेलेली असते. तिला कुणी हाकलले नाही. वहीने हाकलले. परीक्षेची जाहिरात दिसली की वर्तमानपत्राचे पान फाटते. संदर्भग्रंथांत पेनाने रेघा ओढल्या जातात. ओढणाऱ्याला ते वाक्य महत्त्वाचे वाटले असेल, पुढच्याने ते का मानावे? मोबाइल सायलेंट असतो, माणूस नसतो. आणि मुलींच्या टेबलाकडे तोंड करून तासन् तास बसणाऱ्यांना आम्ही वाचक म्हणत नाही. संध्याकाळी सातनंतर मुली येणे का थांबते, हे व्यवस्थापक मंडळींनी एकदा मुलींनाच विचारावे.

मात्र शिस्तीच्या नावाखाली दारात नवा द्वारपाल बसवायलाही आमचा विरोध आहे. पाळी संपवून आलेला सफाई कामगार ओठ हलवत, अर्धवट मोठ्याने बातमी वाचतो. त्याला 'शूऽऽ' करणारी पदवीधर पोरे आम्ही पाहिली आहेत. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आपल्या लोकांत असेच पोहोचले. एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे. त्या कामगाराला गप्प बसवू नका, वर्तमानपत्रांचा बाक अभ्यासाच्या खोलीबाहेर हलवा. एक बाक आणि पाच मिनिटांचे काम असेल, तर सबबी कशाला?

नियम तोंडी नकोत, फळ्यावर लिहिलेले हवेत. अध्यक्षांच्या पुतण्यालाही तेच. अर्धा तास माणूस नसेल तर वही काउंटरवर जमा आणि जागा रिकामी. पुस्तकाचे पान फाडले तर भरपाई, ओळख न बघता. आणखी एक. एप्रिल महिन्यात जयंती मंडळाच्या बैठका अभ्यासिकेत घेऊ नयेत. पोरांच्या परीक्षा त्याच दिवसांत असतात. बैठकीला विहाराचे आवार आहे, तिथे सतरंजी टाकली की झाले.