मुसीच्या पाण्यात फोर-व्हील ड्राइव्ह

हैदराबादेत हिमायतसागर आणि उस्मानसागर धरणांचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की अंबरपेठकरांना आधी काळजी लागायची ती मुसारामबागच्या बुटक्या पुलाची. मलकपेठेकडे नेणारा हा जुना पूल जुलै 2022 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये मुसी नदीच्या पाण्याखाली गेला. अशा वेळी ‘आपली फोर बाय फोर आहे, निघेल’ हा विश्वास जिवावर बेतू शकतो. म्हणून ही यंत्रणा काय करते, हे नीट समजून घ्यायला हवं.

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. ती वाटून देणारं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच रेटा देतं. त्यामुळे चिखलातलं चाक जेवढा रेटा पेलेल, तेवढाच डांबरावरच्या चाकालाही मिळतो. एक चाक गरगर फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारख्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचं चाक घसरू लागलं की सेन्सर क्लच आवळतो आणि ताकद मागच्या चाकांकडेही जाते. घसरणाऱ्या चाकाला तेवढ्यापुरता ब्रेक लागतो, म्हणून पकड असलेल्या चाकाला जोर मिळतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात तर पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात. मग एका आसाची दोन्ही चाकं बरोबरीनेच फिरतात. पाइपलाइनसाठी खणलेल्या गल्लीत किंवा विकाराबादकडच्या चिखलाच्या शेतवाटेवर याचं मोल कळतं.

ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर थांबताना ऑल-व्हील ड्राइव्ह उपयोगी पडत नाही; तिथे टायर महत्त्वाचे. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवा.

आता पुलावरच्या पाण्याचा हिशेब करू. गाडी 4 मीटर लांब, 1.7 मीटर रुंद, तळ जमिनीपासून 20 सेंटिमीटर वर. पाणी 40 सेंटिमीटर असेल तर 20 सेंटिमीटर गाडी बुडाली, म्हणजे तिने सुमारे 1.36 घनमीटर पाणी बाजूला सारलं. आत पाणी शिरेपर्यंत तेच पाणी तिला जवळजवळ 1,360 किलोंच्या जोराने वर उचलतं. मध्यम गाडीचं वजनच साधारण तेवढं! चाकांवर भार उरला नाही की पकडही उरत नाही. मग ताकद दोन चाकांना द्या की चार, बाजूने येणारा प्रवाह गाडी ढकलून नेतो. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता 650 मिलिमीटर सांगितली जाते, पण तो आकडा पुराच्या वाहत्या पाण्याला लावू नये. शिवाय गढूळ पाण्याखाली पुलाची कडा दिसत नाही.

म्हणून पूल बुडालेला असेल तर गोलनाक्याकडून वळसा घ्यावा. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नये: हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला दाखवूनच सुरू करावी.