हॅलोविन : भुतांची रात्र कीं संतांची संध्या?



ऑक्टोबरची ३१ तारीख जवळ आली म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतून भुतांचे मुखवटे, कागदी कवट्या आणि कोरलेले तांबडे भोपळे दिसूं लागतात. कित्येक शाळांतून लहान मुलें चेटकिणीचा वेष घेऊन मिरवतात. या प्रकारास हॅलोविन म्हणतात, हें आतां बहुतेक सुशिक्षित घरांतून ठाऊक झालें आहे. परंतु त्याचा ख्रिस्ती धर्माशीं संबंध काय, असें विचारल्यास दोन परस्परविरुद्ध उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, हा ख्रिस्ती लोकांचा भुतांचा सण. उलट कित्येक ख्रिस्ती कुटुंबें, हा सैतानाचा सण आहे, तो आमच्या दारीं नको, असें निक्षून सांगतात. दोन्ही उत्तरांची आज थोडी छाननी करूं. कारण मृतांविषयीं आपण मुलांना भय शिकवावें कीं स्मरण, हा प्रश्न तिच्या पोटांत आहे.

प्रथम नांवच पाहूं. जुन्या इंग्रजी भाषेंत 'हॅलो' म्हणजे पवित्र पुरुष, संत. आणि शेवटचें 'ईन' हें संध्याकाळ या अर्थाच्या शब्दाचें झिजलेलें रूप. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. मोठ्या सणाचा आरंभ आदल्या सायंकाळच्या उपासनेनें करावा, ही ख्रिस्ती मंडळीची फार जुनी रीत. नाताळची आदली रात्र आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिचें मूळही याच रीतींत आहे.

आतां सर्व संतांना मिळून एकच दिवस कां? पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती लोकांचा वारंवार छळ झाला. जे श्रद्धेसाठीं मारले गेले, त्यांस रक्तसाक्षी म्हणत, आणि त्यांच्या मृत्युदिनीं त्यांच्या थडग्यापाशीं दरवर्षीं प्रार्थना होई. मंगरूळपीरच्या रहिवाशास हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. येथें दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक जातात, आणि गांवाच्या नांवांतला 'पीर' हा शब्दही अशाच पवित्र स्थानांची आठवण देतो. पुढें ३०३ सालीं सम्राट डायोक्लेशियन याच्या आज्ञेनें मोठा छळ सुरू झाला. बळी इतके पडले कीं, प्रत्येकास वेगळा दिवस देणें अशक्य झालें. कित्येकांचीं तर नांवेंही कोणास ठाऊक नव्हतीं. ज्यांची तिथि माहीत नाहीं त्यांच्यासाठीं आपल्याकडे जशी सर्वपित्री अमावास्या, तसाच नामवंत आणि अनामिक अशा सर्व संतांसाठीं हा एक दिवस आला.

तो एकदम ठरला नाहीं. सातव्या शतकाच्या आरंभीं पोप चौथे बोनिफेस यांनीं रोममधील पँथिऑन हें जुनें देवालय मरियेच्या आणि सर्व रक्तसाक्षींच्या नांवें अर्पण केलें. तो सण १३ मे रोजीं होत असे. नवव्या शतकांत पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळीं, ८३५ च्या सुमारास, फ्रँक लोकांच्या राज्यांत १ नोव्हेंबर ही तारीख रूढ झाली.

येथें एक आक्षेप घेतला जातो. आयर्लंडांतील प्राचीन लोक याच सुमारास हिंवाळ्याच्या तोंडीं 'साउइन' नांवाचा सण पाळीत. तो पुसण्यासाठीं मंडळीनें त्यावर आपला सण लादला, असें म्हणतात. पण खुद्द आयर्लंडांतील ८०० च्या सुमाराच्या पंचांगांत सर्व संतांचा सण २० एप्रिलला सांगितला आहे. १ नोव्हेंबरचा आग्रह इंग्लंडच्या उत्तर भागांतून व जर्मन प्रदेशांतून आलेला दिसतो. तेव्हां हा आक्षेप जसाच्या तसा टिकत नाहीं. शेकोट्या, वेषांतर आणि भटकणाऱ्या आत्म्यांच्या कथा मात्र लोकाचारांतून या संध्येस येऊन चिकटल्या, हें मान्य केलें पाहिजे.

संतांच्या दिवसाला लागून २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस येतो. फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनीं सुमारें हजार वर्षांपूर्वीं तो आपल्या मठांतून सुरू केला, व तेथून तो सर्वत्र पसरला. या दिवसाचें स्वरूप पाहावयाचें तर युरोपांत जाण्याचें कारण नाहीं, वसईस जावें. पोर्तुगीज अंमलांत ख्रिस्ती झालेला तेथील समाज १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतल्यानंतरही आपला धर्म आणि मराठी बोली दोन्ही राखून राहिला. त्या दिवशीं तेथील कुटुंबें दफनभूमींत जाऊन कबरी स्वच्छ करितात, फुलें वाहतात, मेणबत्त्या लावितात. धर्मगुरु मृतांसाठीं मिस्सा अर्पण करितात. गोव्यांतही हीच रीत आहे. भुताचें नांव तेथें कोणी काढीत नाहीं.

इंग्लंडांत पूर्वीं याच दिवसांत गरीब माणसें व मुलें दारोदार जात, आणि घरांतील मृतांसाठीं प्रार्थना करण्याचें कबूल करून लहानसा गोड पाव मागून घेत. आजच्या मुलांच्या खाऊ मागण्याचा धागा बहुधा तेथवर पोंचतो. आयर्लंड व स्कॉटलंडांत सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकांत तेथील लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेस गेले. तेथें सलगमाची जागा भोपळ्यानें घेतली, आणि विसाव्या शतकांत व्यापाऱ्यानें उरलेलें काम केलें.

मृतांसाठीं प्रार्थना करावी कीं नाहीं, याविषयीं ख्रिस्ती लोकांतही एकमत नाहीं. कॅथलिक लोक मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा आधार देतात. प्रॉटेस्टंट तो ग्रंथ शास्त्रांत धरीत नाहींत. मार्टिन ल्यूथर यांनीं आपलें प्रसिद्ध पत्रक १५१७ सालीं ३१ ऑक्टोबरलाच प्रसिद्ध केलें, आणि त्यांतला वाद मृतांच्या नांवें पैसे घेऊन क्षमापत्रें देण्याविषयीं होता. आमच्या वाशीम भागांतील नाझरीन मंडळी याच प्रॉटेस्टंट परंपरेची. परंतु एका गोष्टींत दोन्ही पंथ एक आहेत. मृतांस बोलावणें, त्यांस कौल लावणें पवित्र शास्त्रानें निषिद्ध मानलें आहे. एनदोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे गेलेल्या शौल राजाची कथा तेंच सांगते. मृत मनुष्य देवाच्या हातीं आहे. त्याला भिण्याचें कारण नाहीं, आणि त्याला वश करण्याचेंही नाहीं.

तेव्हां हा सैतानाचा सण, हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. आणि हा ख्रिस्ती लोकांचा भुतांचा सण, हेंही नाहीं. आपल्या घरांतील मूल मुखवटा मागूं लागलें तर त्याच्यावर रागावण्याचें प्रयोजन नाहीं. मुखवटा द्यावा, मात्र ही संध्या कोणाच्या स्मरणाची, हेंही त्याला सांगावें. आणि त्याच ओघांत आपल्या पणजोबा-पणजीचीं नांवें त्याला येतात कीं नाहीं, हें विचारावें. बहुतेक घरांत तीं येत नसतील. तीं शिकविण्यास ही संध्याकाळ पुरेशी आहे.